खांबामागची जागा

फार पूर्वी, दूरच्या इंग्लंड देशात, एका गावाबाहेर एक मोठा मठ होता. मठात चाळीस बंधू राहत आणि त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गाणारी बारा मुलं. सगळ्यांच्या वर मठाधिपती. मुलं त्यांना मोठे फादर म्हणत.

मोठे फादर माणूस भला होता. मुलांना पोटभर मिळतंय ना, थंडीत पांघरूण पुरतंय ना, हे ते स्वतः जाऊन बघत. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, आपल्या प्रवचनाचा. आवाज असा खणखणीत, की चर्चमधल्या उंच कट्ट्यावर उभं राहून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं की छपरातली कबुतरं फडफडत बाहेर पडायची. दर रविवारी ते चांगलं तासभर बोलत. मग खाली उतरताना चेहरा असा काही फुललेला असायचा, की स्वयंपाकघरातले बंधूसुद्धा ओळखत, आज प्रवचन रंगलेलं दिसतंय. ते रंगलं नाही असं कधी झालंच नव्हतं. निदान मोठ्या फादरना तरी तसं कधी वाटलं नव्हतं.

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर ते चर्चमधून एकटेच फिरत होते. फिरता फिरता मुलांच्या बाकांपाशी आले. हे बाक सगळ्यांत खालच्या रांगेत होते आणि त्यातला शेवटचा एका दगडी खांबाच्या मागे. खांब एवढा जाड, की तिघांनी हात धरले तरच कवेत यावा. त्या बाकावर फादरना रेघा दिसल्या. एकात एक असे तीन चौकोन, मधोमध जोडलेले. आपल्याकडची नवकांकरीच म्हणा ना! तिकडची मुलंही तो खेळ खेळत. नऊ सोंगट्या याच्या, नऊ त्याच्या, आणि तीन ओळीत आल्या की समोरच्याची एक खायची. बाकाच्या फटीत लपवलेले नऊ खडे आणि घेवड्याचे नऊ सुके दाणेही सापडले.

फादरनी सगळ्या मुलांना बोलावलं.

"हे कोण खेळतं?"

बारा मुलं पायांकडे बघत उभी राहिली. मग त्यातला पर्किन नावाचा एक अकरा वर्षांचा मुलगा पुढे आला.

"मी खेळतो, मोठे फादर."

"कधी?"

"तुमचं प्रवचन चालू असतं तेव्हा."

"आणि तुझ्याबरोबर कोण?"

"मी एकटाच."

नवकांकरी एकट्याला खेळता येत नाही, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण फादरना राग आला होता, आणि रागाच्या भरात त्यांना एवढी साधी गोष्ट सुचली नाही. पर्किनच्या शेजारी बसणारा सहा वर्षांचा चिमुरडा मात्र कानापर्यंत लाल झाला होता.

"देवाधर्माचं ऐकायचं सोडून खेळतोस? का?"

"इथे ऐकू येत नाही, मोठे फादर."

फादरना ते खरंच वाटेना. माझा आवाज? ऐकू येत नाही? कबुतरांना येतो आणि याला येत नाही? आधी चूक, वर हा उद्धटपणा! त्यांचा पारा जो चढला तो चढलाच.

"आजपासून नियम ऐका," ते गरजले. "प्रवचन चालू असताना जो खेळेल, त्याला या मठात जागा नाही. मग तो कुणीही असो. नाताळानंतर लोकरीची गाडी शहरात जाईल, तिच्याबरोबर याची रवानगी करा. एखादा चांभार ठेवून घेईल कामाला."

 पर्किनचे आईबाप तापाच्या साथीत गेले होते. चार वर्षांचा असताना कुणीतरी त्याला मठाच्या दाराशी आणून सोडलं होतं. हा बाक, ही थंडगार फरशी, ही अकरा मुलं, एवढंच त्याचं घर होतं. त्या रात्री तो पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला आणि शेजारचा चिमुरडा त्याच्या पायाशी येऊन मुटकुळं करून झोपला.

आता त्या मठात एक मोठी गमतीची रीत होती. डिसेंबरच्या सुरुवातीला मुलांच्या कैवारी संताचा सण येई. त्या दिवशी गाणारी मुलं आपल्यातल्या एकाला बिशप, म्हणजे सगळ्यांत मोठा धर्मगुरू, म्हणून निवडत. नाताळानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये एक गाणं म्हटलं जाई. देव थोरांना खाली उतरवतो आणि लहानांना वर घेतो, अशा अर्थाची ओळ आली की मोठे फादर आपल्या आसनावरून खरोखर खाली उतरत आणि तो मुलगा वर जाऊन बसे. डोक्यावर उंच टोकदार टोपी, हातात वाकडी काठी, अंगात सोनेरी झगा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मठात त्याचाच हुकूम. तोच प्रवचन देई, तोच आशीर्वाद देई, चुकलेल्यांना शिक्षाही तोच देई. आणि पांढऱ्या दाढ्यांचे बंधू मेणबत्त्या पेटवत, धूपदाण्या हलवत, मुलांची सगळी कामं करत.

त्या वर्षी मुलांनी पर्किनला निवडलं. बाराच्या बारा मतं त्याला पडली. बारावं त्याचं स्वतःचं होतं असं कुणी समजू नका. ते स्वयंपाकघरातल्या मांजराच्या नावाने त्या चिमुरड्याने दिलं होतं. जाणारच आहे बिचारा, तर बिशप होऊन जाऊ दे, असं मुलांनी ठरवलं होतं.

मोठ्या फादरच्या हाताखालचे धाकटे फादर फार शिस्तीचे. ते धावत आले. "हे चालायचं नाही! ज्याला आपण हाकलणार, तो आपल्यावर राज्य करणार?"

"रीत आहे," मोठे फादर म्हणाले. "निवड मुलांची. ती मोडायची नाही." पण त्यांच्या मनातला सल गेला नव्हता. दर वर्षी आसनावरून उतरल्यावर त्यांच्यासाठी पायरीपाशी एक गादीची खुर्ची मांडलेली असे. या वर्षी ते म्हणाले, "खुर्ची नको. मी त्या मुलाच्याच जागेवर बसेन. त्या खांबामागे. प्रवचन कसं ऐकायचं असतं, हे एकदा या मुलांना दाखवूनच देतो."

नाताळ झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाण्यातली ती ओळ आली. मोठे फादर उतरले आणि पर्किन वर गेला. झगा त्याला दोन वीत जास्त लांब होता, त्यामुळे तो दोन्ही हातांनी उचलून धरावा लागत होता. टोपी कानांवर टेकली होती म्हणून थांबली होती, नाहीतर नाकावर आली असती. फादरनी मेणबत्ती हातात घेतली आणि ती नेहमी धरणाऱ्या मुलापेक्षा जास्त हलवली.

सकाळी चर्च गच्च भरलं. गावातून बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे आले. लहानग्या बिशपचं प्रवचन ऐकायची हौस सगळ्यांनाच. पर्किन उंच कट्ट्यावर चढला. गायन शिकवणाऱ्या बंधूंनी त्याला प्रवचन लिहून दिलं होतं, तो कागद त्याने उलगडला आणि वाचायला सुरुवात केली.

मोठे फादर खांबामागच्या बाकावर पाठ ताठ करून बसले. हात मांडीवर, मान सरळ, डोळे समोर. आता बघा म्हणावं!

समोर खांब होता.

त्यांनी कान टवकारले. बरणीत माशी अडकावी तसं काहीतरी गुणगुणत होतं. शब्द छपरापर्यंत जात होते, तिथून परतताना एकमेकांत मिसळत होते आणि खांबाच्या अलीकडे पोचेपर्यंत त्यांचा नुसता घूंऽऽ उरत होता. पोरगं पुटपुटतंय, फादरना वाटलं. पण खांबाच्या पलीकडची माणसं तर हसत होती. कुणीतरी डोळे पुसलेही. म्हणजे तिथे नीट ऐकू येत होतं. फादर जरा पुढे वाकले. घूंऽऽ. जरा मागे रेलले. घूंऽऽ. बाकाखालून गार वारा येत होता आणि त्यांचे पाय बधिर व्हायला लागले. किती वेळ झाला असेल? त्यांना वाटलं, अर्धा तास तरी. खरं म्हणजे पाच मिनिटंच झाली होती.

इतक्यात शेजारी काहीतरी टकटकलं. सहा वर्षांच्या चिमुरड्याने सवयीने फटीतून खडे आणि दाणे काढले होते आणि बाकावर मांडले होते. आपल्या शेजारी आज पर्किन नाही, हे बहुधा त्याच्या लक्षात नंतर आलं. तो दचकला. मग वर बघून, पुढचे दोन दात पडलेल्या तोंडाने, हळूच म्हणाला, "तुमची पाळी."

फादरनी डोळे वटारले. चिमुरडा गप्प बसला. पण मांडलेला डाव तसाच राहिला.

फादरनी खांबाकडे बघितलं. मग छपराकडे. मग, अगदी ओझरतं, बाकाकडे. काय हे, किती वेड्यासारखं मांडलंय पोराने! दोन दाणे इथे आणि तिसरी जागा मोकळी. लहानपणी ते स्वतः धान्याच्या कोठारात जमिनीवर रेघा ओढून हा खेळ खेळले होते, आणि कधी हरले नव्हते. त्यांनी हात मागे घेतला. हात पुन्हा पुढे आला. त्यांनी एक दाणा सरकवला. फक्त दाखवायला, हं! तीन ओळीत आले. खडा खाल्ला.

"अरेच्चा!" चिमुरडा कुजबुजला आणि त्याने जीभ बाहेर काढून विचार करायला सुरुवात केली.

मग काय विचारता! चिमुरडाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पाच-सहा खेळ्यांत फादरचे तीन दाणे गेले. फादर खाली वाकले. कपाळावर आठ्या आल्या. जगात आता तीन चौकोन आणि चोवीस ठिपके, एवढंच उरलं होतं.

आणि बोटांत दाणा धरून ते खेळी ठरवत असतानाच त्यांच्या लक्षात आलं, की घूंऽऽ थांबलं आहे.

त्यांनी मान वर केली. समोर सोनेरी झगा होता. पर्किन कट्ट्यावरून उतरून खांबाला वळसा घालून आला होता आणि त्यांच्या पुढ्यात उभा होता. त्याने दाणा पाहिला. पट पाहिला.  सगळं चर्च इकडेच बघत होतं. त्या दिवशी मठात त्याचा हुकूम होता. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं, तरी एवढ्या वर्षांची अब्रू त्या बाकावर गेली असती.

पर्किनने हातात उचलून धरलेल्या झग्याची एक बाजू सोडून दिली. ती लांबलचक कड बरोबर त्या पटावर पडली. पट झाकला गेला. मग तो खांबाला टेकून, तिथेच, दोन्ही बाजूंना दिसेल असा उभा राहिला आणि कागदावरचं पुढचं वाक्य वाचायला लागला.

फादरना त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. प्रवचन साधंच होतं, आई लेकराला कशी हाक मारते आणि देव माणसाला कशी हाक मारतो, एवढंच. शेजारचा चिमुरडा आ वासून ऐकत होता. त्या बाकावर बसायला लागल्यापासून त्याने ऐकलेलं ते पहिलं प्रवचन होतं. फादरचे डोळे भरून आले. मूठ मात्र घट्ट बंद होती आणि मुठीत घेवड्याचा दाणा होता.

दुपारी जेवणाच्या वेळी, रिवाजाप्रमाणे, मोठ्या फादरनी मुलांना वाढलं. पर्किनच्या पानात मासा वाढताना त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो बोलेल असं त्यांना वाटत होतं. तो नुसता म्हणाला, "थोडाच वाढा, मोठे फादर, नंतर गोडासाठी भूक राहत नाही." चिमुरडा तेवढा कुजबुजला, "डाव अर्धाच राहिला."

वाढून होतंय तोच धाकटे फादर जवळ आले. "गाडी उद्या सकाळी निघतेय. त्या मुलाचं गाठोडं बांधून ठेवलंय."

फादरच्या हातातलं भांडं जड झालं. कुणाला कळलं नव्हतं. दोन मुलांना माहीत होतं, आणि त्यातलं एकही तोंड उघडणार नव्हतं. आपण गप्प राहिलो, तर उद्या गाडी निघून जाईल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. रविवारी कट्ट्यावर चढायचं, कबुतरं उडवायची. आपण बोललो, तर या चाळीस माणसांसमोर पुन्हा मान वर करून चालायचं कसं? त्यांना खरोखर भीती वाटली. साठीच्या माणसाला लाजेची भीती सहा वर्षांच्या पोराहून जास्त वाटते.

जेवणानंतर रोज सगळे मोठ्या दालनात जमत. ज्याच्या हातून काही चूक झाली असेल त्याने उभं राहून ती सगळ्यांसमोर सांगायची, आणि आसनावर बसलेल्याने शिक्षा द्यायची, अशी मठाची पद्धत. आज आसनावर पर्किन होता. एका जाड्या बंधूंनी सांगितलं, की त्यांनी चोरून दोन सफरचंदं खाल्ली. पर्किनने त्यांना कोंबड्यासारखं आरवायला लावलं. दालन हसून हसून बेजार झालं.

हसणं ओसरलं आणि सगळ्यांत शेवटच्या बाकावरून मोठे फादर उभे राहिले.

"आज प्रवचन चालू असताना," ते म्हणाले, "मी नवकांकरी खेळलो."

सगळ्या बंधूंच्या माना एकदम मागे वळल्या.

"हा मुलगा मला म्हणाला होता, तिथे ऐकू येत नाही. मी त्याला उद्धट ठरवलं. त्याच्या जागी बसून बघावं, असं मला सुचलं नाही. आज बसलो, तेही तोरा मिरवायला. तिथे खरंच काही ऐकू येत नाही. नियम मीच केला आहे. जो खेळेल त्याला मठात जागा नाही, मग तो कुणीही असो. आता शिक्षा सांगा, बिशपमहाराज."

धाकट्या फादरचं तोंड उघडलं ते मिटेना. तेवढ्यात कोपऱ्यातून काठीचा आवाज झाला. ऐंशी वर्षांचे एक बंधू, ज्यांना मुलं आजोबाच म्हणत, धडपडत उभे राहिले.

"मलाही सांगायचंय," ते म्हणाले. "त्या बाकावरच्या रेघा मी ओढल्यात. चाकूने. मी गाणारा पोर होतो तेव्हा. त्या वेळच्या मोठ्या फादरचंही ऐकू येत नव्हतं." आणि ते खाली बसले. सत्तर वर्षांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा हलका झाला.

कुणीतरी खुदकन हसलं, मग लगेच गप्प झालं. सगळे पर्किनकडे बघत होते. टोपी डोळ्यांवर आली होती, ती त्याने मागे सारली.  एवढी मोठी शिक्षा त्याला कुठे देता येत होती?

"मोठे फादर," त्याने विचारलं, "तुम्हाला जायला कुठे आहे का?"

फादरना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "मी नऊ वर्षांचा असताना इथे आलो. तिकडचं आता कुणी उरलं नाही."

"मलाही नाही," पर्किन म्हणाला.

मग त्याने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "तर मग आपण दोघंही राहू या."

मोठ्या फादरनी चेहरा हातांनी झाकून घेतला. चाळीस बंधूंसमोर, बारा मुलांसमोर, ते रडले, आणि त्यांना त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"अहो, पण ही काय शिक्षा झाली?" धाकट्या फादरना राहवलं नाही.

पर्किनने डोकं खाजवलं. "शिक्षा आहे की. दर रविवारी मोठ्या फादरनी खाली येऊन खांबापाशी उभं राहून बोलायचं. आणि मी बसून ऐकायचं."

"तासभर?" चिमुरड्याने घाबरून विचारलं.

"तासभर," पर्किन म्हणाला आणि त्याने मोठा सुस्कारा सोडला.

संध्याकाळी पर्किन आसनावरून उतरला, टोपी आणि काठी परत दिली, आणि मोठे फादर पुन्हा वर बसले. आता हुकूम त्यांचा होता, आणि दुपारचा निकाल एका शब्दाने फिरवता आला असता. धाकट्या फादरनी वाकून विचारलं, "उद्याच्या गाडीचं काय करायचं?"

"गाडीतून लोकर जाऊ दे," मोठे फादर म्हणाले. "गाठोडं सोडा."

पुढच्या रविवारी ते कट्ट्यावर चढले नाहीत. खांबापाशी येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकणाऱ्यांचे चेहरे त्यांना हातभर अंतरावरून दिसत होते. पर्किन शब्दाला जागून डोळे ताणून ऐकत होता. त्यांनी तासाभराचं प्रवचन सुरू केलं, आणि थोड्या वेळाने त्यांना पहिली जांभई दिसली. मग दुसरी. तिसरी तर खुद्द धाकट्या फादरची होती. मोठे फादर मधेच थांबले, हसले, आणि पाव तासात त्यांनी प्रवचन आटोपलं. लोक म्हणतात, एवढं सुरेख ते आधी कधीच बोलले नव्हते.

गोष्टीचं तात्पर्य विचाराल तर एवढंच: कुणी आपलं ऐकत नाही म्हणून रागवायच्या आधी, एकदा त्याच्या जागी जाऊन बसावं, आणि तिथे आपलीच चूक सापडली तर ती मोठ्याने सांगावी.